माहेरीचा रकाना

सोमवार, कोजागरीनंतरचा पहिला. सकाळचे सव्वादहा. जागा: उपकेंद्राचा ओटा. हजर: मंगल सिस्टर, या उपकेंद्राच्या नर्स, ठकूबाई, मेंढरं राखणाऱ्या, वय "लिवा साठ, कोण मोजतंय", त्यांची धाकटी सून हौसा, सहावा महिना, आणि मी, जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात आकडे गोळा करणारी पर्यवेक्षक. अध्यक्ष कोणी नव्हतं. चहा मंगल सिस्टरांनी केला, दूध ठकूबाईंनी आणलं, शेळीचं.

हजेरी आधी लिहायची ही माझी जुनी सवय. नोकरीला लागले तेव्हाचे माझे पहिले साहेब म्हणायचे, "कोण हजर होतं ते अगोदर लिहून टाका, म्हणजे पुढचं खोटं लिहिता येत नाही." मला ते इतकं पटलं की घरच्या हळदीकुंकवालाही मी यादी करते. पण साहेबांचं म्हणणं अर्धंच खरं होतं. हजर असलेल्यांबद्दल खोटं लिहिता येत नाही. गैरहजर माणसाबद्दल येतं. मी ते लिहिलं आहे, स्वच्छ अक्षरात, पट्टीने रकाना आखून.

कार्यालयाचं आणि गावाचं नाव मी इथे देत नाही. चूक माझी आहे, ती गावाच्या नावावर जायला नको.

कवठे महांकाळच्या बाजूच्या माळावर दिवाळीच्या सुमारास एक हंगाम येतो. पंचांगात तो नाही. परतीचा पाऊस पडून जातो, माळावरचं गवत आधी हिरवं, मग राखाडी होतं, शाळूची पेरणी उरकते आणि मेंढरं पश्चिमेला निघतात. दहाबारा घरांची माणसं, मेंढरं, घोडी, कुत्री मिळून जो जथा होतो त्याला इकडे वाडा म्हणतात. त्याला भिंती नसतात. घोड्याच्या पाठीवर बाज उलटी बांधलेली. तिच्यात भांडी, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, आणि त्यांच्यातच एखादं तान्हं मूल. मुक्कामाला मेंढरांभोवती उभारायची जाळी गुंडाळून सगळ्यांत वर. रस्त्यावर आधी लोकरीचा तेलकट, ओलसर वास येतो, मग धूळ, मग बाया. बाया पायी.

मी दर वर्षी भाऊबीजेला वाईला जाते. ते माझं माहेर. सांगलीहून निघालेली एसटी कराड सोडते तसं दोन्ही बाजूंच्या मोकळ्या रानांत मेंढरं बसलेली दिसू लागतात. शेतकरी खतासाठी ती बसवून घेतो, बदल्यात धान्य देतो. पूर्वी मी मुलीला दाखवायचे, "बघ, कापूस सांडलाय." आता मी खिडकीतून बाया मोजते. चालण्यावरून दिवस गेलेली बाई लांबूनही ओळखता येते. एसटी थांबत नाही. मी मोजलेलं कुठे लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी ते शिमगा. एवढाच काळ, पण माझ्या नोकरीची बाकीची वर्षं त्याच्यासमोर चिंचोळी वाटतात.

त्या वर्षी वरून पत्र आलं की प्रत्येक उपकेंद्राच्या कामगिरीचे निकष ठरवा. उपकेंद्र म्हणजे तीन-चार गावांमागे असलेला दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना आणि त्यातली एक सिस्टर. तोपर्यंत आमची कामगिरी मोजण्याची रीत एकच होती, आवाज. ज्या सिस्टरचं काही चुकलं तिला बैठकीत उभं करायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं. माझ्यादेखत बायका रडल्या आहेत. रडण्याचं इतिवृत्त मी कधी लिहिलं नाही. त्यामुळे निकषांचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला आनंद झाला. आता आवाजाऐवजी आकडा बोलेल, आणि आकडा कोणावर ओरडत नाही, असं मला वाटलं.

नवी वही घेतली. पहिल्या पानावर तीन ओळी लिहिल्या. जे सिस्टरच्या हातात नाही त्याची शिक्षा तिला नको. मोजण्यात काम करण्यापेक्षा जास्त वेळ जाऊ नये. आकडा गावापासून जिल्ह्यापर्यंत एकच असावा. वही माझ्यापुढे आहे. त्या तिन्ही ओळी मला अजूनही बरोबर वाटतात.

मग मी उपकेंद्रं फिरत सुटले. थंडी पडू लागली होती. फिनेलचा वास, बाळं तोलायच्या काट्याला लटकलेली कापडी झोळी, लसीच्या डब्यावर आलेलं दव. सिस्टर लोक आधी संशयाने बघायच्या. "मॅडम, आजवर आमी बाळांची वजनं केली," मंगल सिस्टर पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आता तुमी आमचंच वजन कराय आलाय व्हय?"

"वजन नाही हो. तुमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून आलेय."

"मग बसा. अन्यायाची यादी लय लांब हाय, चहा टाकते."

मंगल सिस्टर ठेंगण्या, चपळ, बोलायला तिखट. त्यांच्या रजिस्टरमध्ये मी एक गोष्ट पाहिली ती दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती. ज्या गरोदर बाईला धोका आहे, म्हणजे रक्तदाब जास्त, रक्त कमी, तिच्या नावापुढे लाल खूण करायची असते. कार्यालयाकडून यायची लाल चिकटपट्टी संपली होती. मंगल सिस्टर स्वतःच्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढायच्या आणि त्या बाईच्या नावापुढे एक टिकली चिकटवायच्या. "लाल शाई पुसट हुती, टिकली लांबनं दिसती," त्या म्हणाल्या. पान उघडलं की नावांच्या रांगेत मध्येच एक लाल टिकली. आठवड्याला त्या टिकलीच्या घरी एक फेरी. चार ओळींचं परिपत्रक काढूनही जे जमलं नसतं ते त्यांनी एका पाकिटात जमवलं होतं. मी वहीत टिपून घेतलं आणि बाजूला 'छान' असं लिहिलं.

त्याच दिवशी वैजंताला पाहिलं. ठकूबाईंची थोरली सून. वीसएक वर्षांची, पहिलटकरीण, हनुवटीवर गोंदण, दंडात चांदीचं कडं. मंगल सिस्टर तिचा रक्तदाब घेत होत्या. पट्टा फुगायला लागला तशी ती हसायला लागली. "लय आवळतंय की, आवं. हात तोडताय काय माजा?"

"गप बस, आकडा चुकंल," मंगल सिस्टर म्हणाल्या. मग पुन्हा एकदा घेतला आणि पर्स उघडून टिकली काढली.

मी कोपऱ्यात लिहीत होते. वैजंता माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यात माजं नाव हाय का?"

"नाही गं, यात नावं नसतात. आकडे असतात."

"मग कुणाचं काय ते कळतं कसं?"

"बेरीज केली की कळतं."

ती पुन्हा हसली. मी गप्पा वाढवायच्या म्हणून विचारलं, "पहिलं बाळंतपण माहेरी ना? कुठलं माहेर तुझं?"

"आमचं म्हायेर चालतं असतंय, बाई," ती म्हणाली. "आई बी वाड्यावरच, त्यांचा वाडा आमच्या आदी निघतो. आता कराडच्या अंगाला असंल, नायतर घाट उतरून खाली गेली असंल. कोण जातंय हुडकत?"

मला ते वाक्य फार आवडलं. चालणारं माहेर. मी ते ऐकलं, हसले, आणि पुढच्या बैठकीत चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. एखाद्या गोष्टीवर हसून झालं की ती ऐकून झाली असं माणूस धरून चालतं.

ती बैठक निकष नक्की करायची होती. पंखे बंद, खिडक्या बंद, तरी हात गार. फळ्यावर मी निकष लिहिले होते. त्यातला महत्त्वाचा होता: धोक्यातल्या गरोदर बायांपैकी किती जणींचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा झाला. मंगल सिस्टर उठून उभ्या राहिल्या.

"मॅडम, ह्यात आमचं मरण हाय. बाई सातव्या महिन्यात म्हायेरला जाते. तिकडं तिची आई, तिकडची सिस्टर बघती तिला. आन् इकडं माज्या नावावर शिल्लक. मी काय तिच्या आईच्या दारात जाऊन बसू?"

टाळ्या पडल्या. बाकीच्या सिस्टर बोलू लागल्या, प्रत्येकीकडे अशा दोन-तीन बाया होत्याच. आणि ते खरं होतं. माझ्या वहीतली पहिली ओळ हेच सांगत होती. मी खडू घेतला, तक्त्यात एक रकाना वाढवला आणि त्यावर लिहिलं: माहेरी. जी बाई माहेरी गेली ती मोजणीतून वजा. तिला तिकडची सिस्टर मोजेल.

"उत्तम," आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले. "रकाना ठेवा. सिस्टर लोकांचं समाधान झालं पाहिजे."

झालं. अपूर्णांक सगळ्यांनी शाळेत केलेले असतात. वर अंश, खाली छेद. निकष म्हणजे अपूर्णांकच. अंश वाढवायचा तर काम करावं लागतं. छेद कमी करायचा तर एक रकाना पुरतो. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पण तो रकाना पळवाट आहे असं माझ्या मनात आलं नाही, कारण मी स्वतः त्या रकान्यात एकदा राहून आले होते.

माझं पहिलं बाळंतपण वाईला झालं. सातव्या महिन्यात गेले ती बाळ चार महिन्यांचं झाल्यावर परत आले. आईने स्वयंपाकघराच्या दाराला आतून एक कागद लावला होता: सकाळी गोळी, दहाला दूध, चारला चालणं घाटापर्यंत आणि परत. याद्या करायचं मी तिच्याकडून शिकले. गल्लीतल्या नर्सबाई संध्याकाळी उगाच डोकवायच्या, आईशी पापडांवर बोलता बोलता माझे पाय दाबून बघायच्या, सूज आहे का. मला ते तपासणं आहे हे कळायचंही नाही. कृष्णेचं पाणी थंडीत काळं दिसायचं, आई माझा हात धरून एकेक पायरी उतरायची. माहेरी गेलेली बाई म्हणजे सगळ्यांत सुखरूप बाई, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, शिकवायची गरजच नव्हती. मी फळ्यावर 'माहेरी' लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघराच्या दारावरचा तो कागद होता.

भाऊबीजेनंतर आठवड्याभरात मंगल सिस्टरांचा फोन आला. मी तक्त्याच्या छपाईत गुंतले होते. समोर प्रेसचा माणूस उभा.

"मॅडम, येक अडचण. वाड्यासंगं गेलेली बाई कुठं लिवायची? ती गावात न्हाई. म्हायेरी बी न्हाई."

"रकाने किती आहेत?"

"दोनच. गावात, नायतर म्हायेरी."

"मग माहेरीत टाका," मी म्हणाले.

तीन शब्द. फोन ठेवला आणि प्रेसच्या माणसाला म्हणाले, रकान्यांच्या रेघा जरा जाड हव्यात.

मंगल सिस्टरांनी मी सांगितलं तसं केलं. रजिस्टरमध्ये वैजंताच्या नावापुढे 'माहेरी' लिहिलं आणि नियमाप्रमाणे तिच्या नावापुढची टिकली काढली. टिकली निघते, पण तिचा गोंद कागदावर राहतो. त्या गोल डागाला धूळ चिकटत गेली. आज ते पान उघडलं तर तिथे एक काळं वर्तुळ आहे.

फाल्गुनात आम्ही पहिले निकाल लावले. भिंतीवर मोठा तक्ता, चांगल्या कामाला हिरवा रंग, कमी असेल तिथे तांबडा. मंगल सिस्टरांच्या उपकेंद्राची ओळ डावीकडून उजवीकडे अख्खी हिरवी. त्यांना नारळ आणि चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं, माझ्याच हातून. त्या जरीची साडी नेसून आल्या होत्या. "आता आमचं वजन भरलं म्हणायचं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. मी त्या तक्त्यासमोर उभी राहून फोटो काढून घेतला. तो फोटो मी नंतर पुसला, पण कार्यालयाच्या अहवालात तो छापलेला आहे.

महिनाभराने त्या दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून प्रमाणपत्र काढलं आणि पालथं ठेवलं.

"हे परत घ्या."

"काय झालं?"

"वैजंता गेली. पौषातच गेली. तिचा दीर गावात आलाय, त्यानं सांगितलं. आमाला मान मिळाला तवा तिला जाऊन दोन म्हयनं झालं हुतं, मॅडम."

मला आधी वैजंता कोण ते आठवेना. हे मी लिहून ठेवते, कारण ते झालं. मग मंगल सिस्टर म्हणाल्या, "चालणारं म्हायेर," आणि आठवलं.

त्या मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. त्या फोनचा, त्यावर मी काय म्हणाले याचा उल्लेखही केला नाही. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि पदराने प्रमाणपत्राची काच पुसत राहिल्या, पालथी काच, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

त्या गेल्यावर मी तक्ता काढून एकेक बेरीज तपासली. एकही चूक नव्हती. धोक्यातल्या बाया, वजा माहेरी, उरलेल्यांचा पाठपुरावा पूर्ण. मातामृत्यू शून्य. मी आयुष्यभर चुका शोधत आले आहे, त्या पेन्सिलीने खोडून दुरुस्त करता येतात म्हणून मला त्यांची भीती वाटत नाही. इथे खोडण्यासारखं काहीच नव्हतं. तक्ता बरोबर होता.

ज्येष्ठात वाडा परत आला तेव्हा मी ठकूबाईंकडे गेले. मृत्यूची चौकशी घरी जाऊन करायची असते, तिचा छापील अर्ज असतो. ठकूबाई दारात लोकर पिंजत बसल्या होत्या. मी अर्ज काढला तो त्यांनी पाहिला आणि लोकर पिंजतच सांगितलं.

"पाटणच्या पल्याड, वढ्याच्या काठाला रान हाय, तिथं बसलो हुतो. भाताची कापणी झाल्याली. सकाळी उठली ती म्हणली डोस्कं फुटतंय, डोळ्यांफुडं चांदण्या येत्यात. म्या म्हणलं, ऊन लागलं असंल, बस सावलीला. पाय तर सुजल्यालंच हुतं, पर चालल्यावर समद्यांचंच सुजत्यात. मग तिला झटकं आलं. कांदा फोडून हुंगाय दिला. काय व्हईना."

"जवळ दवाखाना नव्हता?"

"हुता की." त्यांचे हात थांबले. "वढ्यापल्याड. पांढऱ्या भिंतीचा, आपल्या हितल्यावानीच. धुणं वाळत घातल्यालं दिसत हुतं, म्हंजी बाई हुती घरात."

"मग?"

"ती आमची नर्सबाई न्हवं," ठकूबाई म्हणाल्या. "आमची नर्सबाई हितं. तुमीच तर सांगताय, आपापल्या गावच्या सिस्टरकडं जावा. आमी टॅक्टर हुडकाय गेलो. टॅक्टर मिळस्तवर दुपार झाली. वाटंतच गेली. पोटातलं बी गेलं."

आपल्या गावची सिस्टर. ती घोषणा आमचीच. भिंतींवर रंगवून घेतली होती. ओढा ओलांडायला पाच मिनिटं लागली असती. धुणं वाळत घालणाऱ्या त्या बाईला आपल्या दारासमोर काय चाललंय हे कळलंच नाही. तिच्या कागदांत वैजंता नव्हती. आमच्या कागदांत ती आईजवळ होती.

अर्जात एक प्रश्न आहे, 'मृत्यूच्या वेळी निवासाचे ठिकाण'. मी तो तसाच ठेवून उठले. ठकूबाई दारापर्यंत आल्या.

"बाई, येक इचारू का? तिचं नाव लिवलंय न्हवं कुठंतरी?"

"लिहिलंय," मी म्हणाले, आणि घरी जाऊन वहीच्या पहिल्या पानावर, त्या तीन ओळींच्या खाली, लिहिलं. तेवढंच माझ्या हातात होतं. अर्ज मात्र अजून फिरतो आहे. साताऱ्याच्या बाजूचे म्हणतात बाई सांगलीच्या बाजूची, इकडचे म्हणतात घटना तिकडची. शेरा आहे 'पडताळणी सुरू'.

रकान्याबद्दल मी तीन पत्रं लिहिली. डॉक्टरसाहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मॅडम, मला पटतं. पण नमुना संगणकात बसलाय. बदल पुढच्या आढाव्यात. तोवर सूचना देऊन ठेवा." मी सूचना दिल्या. सिस्टर लोकांनी वाचून सह्या केल्या. रकाना आहे तिथेच आहे, जाड रेघांचा.

म्हणून यंदा मेंढरं निघण्याआधी मी स्वतः गेले. ओट्यावर ऊन होतं. वाळत घातलेल्या घोंगड्यांचा वास, कुठेतरी शेंगा भाजल्याचा धूर. हौसा भिंतीला टेकून बसलेली, पापण्या आतून पांढुरक्या. रक्तदाब ठीक आहे, रक्त कमी. मी म्हणाले, "ठकूबाई, हिला यंदा मागे ठेवा."

"कुणाजवळ ठिवू? घराला कुलूप. म्हातारी मीच, ती चालले वाड्यासंगं. हिची आई बी चालतीच. तुमी सांभाळताय?"

मंगल सिस्टर चहा गाळत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

मग मी विचारलं, जे दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. "तुम्ही पौषात नेमके कुठे असाल ते सांगता येईल?"

ठकूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्य कुठे उगवतो असं विचारलंय. "न सांगाय काय झालं? आमी काय भटकतोय व्हय? ठरल्यालं रान हाय, ठरल्याला मालक. माज्या सासऱ्यापासनं. भाऊबीज झाली की तिसऱ्या दिशी निघायचं. पयला मुक्काम..." आणि त्या बोटं मोडत सांगत गेल्या. गाव, शेतकरी, रान कोणत्या अंगाला, किती दिवस, पाणी कुठलं. अमुक मालक कंजूष, तमुकची बायको ताक देते. चालत्या माणसांचा पत्ता नसतो असं आमचं सगळं कार्यालय धरून चाललं होतं, आणि या बाईकडे पुढच्या सहा महिन्यांचा पत्ता तोंडपाठ होता, आठवड्यानिशी. आमच्या दौऱ्याचं वेळापत्रक कधी इतकं पक्कं नसतं.

मी लिहीत गेले. मार्गशीर्षात एक मुक्काम वाईच्या अलीकडे, कृष्णेच्या काठच्या रानात. माझ्या माहेरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ. इतकी वर्षं भाऊबीजेला मी तिथून जाते. त्याच रानात महिन्याभराने त्या येत असतील हे मला माहीत नव्हतं.

"हौसाचे दिवस भरतील तेव्हा?"

ठकूबाईंनी सातवं बोट मोडलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं. "तवा वढ्याकाठी," त्या म्हणाल्या. "त्याच रानात. मालक तोच हाय."

हौसा ऐकत होती. तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "तिथली नर्सबाई मला घील का?"

"घील की," मंगल सिस्टर म्हणाल्या. "न घ्यायला काय झालं? मी चिठ्ठी दीन, मॅडम फोन करतील." मग रजिस्टर उघडलं, पर्समधून पाकीट काढलं आणि हौसाच्या नावापुढे टिकली लावली. नियमात ती बसत नाही, रक्त कमी आहे, पण लाल खुणेला लागतं तितकं कमी नाही. "चालणार हाय म्हणून," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ही मी काढणार न्हाई. तुमी सांगितलं तरी."

बरोबर आहे, मी म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या टेबलावर एक यादी आहे. सात मुक्काम, प्रत्येकाजवळचं उपकेंद्र, तिथल्या सिस्टर, फोन. हे कोणत्याही निकषात नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत करते. काही जणी आधी बिचकतात. "मॅडम, ती बाई माझ्या छेदात धरणार का?" एकीने विचारलं. हा शब्द सिस्टर लोकांत रुजवणारी मीच, तो आता दुसऱ्या जिल्ह्यापर्यंत पोचला होता. मी म्हणाले, नाही, कोणाच्याच नाही, नुसती दार उघडून विचारा. ती म्हणाली, बरं, विचारते. दुसरीने ठकूबाईंच्या मुक्कामाच्या रानमालकाला ओळखत असल्याचं सांगितलं, तो तिचा चुलतदीर निघाला. एक जण नुसती "पाठवा" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिच्यावर माझा सगळ्यांत जास्त विश्वास आहे.

उद्या वसुबारस. सांगलीत पणत्यांचे ढीग लागले आहेत, कार्यालयात फराळाचा वास आहे, भिंतीवर यंदाचा तक्ता लावायची जागा मोकळी करून ठेवली आहे. वाईहून भावाचा फोन आला, कधी येतेस. माझी बॅग भरायची यादी झाली आहे.

दुसऱ्या यादीत सहा नावांपुढे बरोबरची खूण आहे. सातवं उपकेंद्र ओढ्याकाठचं, पांढऱ्या भिंतीचं. तिथल्या आधीच्या सिस्टर बदलून गेल्या. नव्या आल्या की नाही हे कोणी ठाम सांगत नाही. एक जण म्हणाला आल्या आहेत, एक जण म्हणाला येणार आहेत. मिळालेल्या नंबरावर आज चार वेळा फोन केला. बंद आहे. वाडा निघायला आठ दिवस आहेत.